परिषदेला माणूस पाठवावा का?

आमच्या शाळेच्या फाइलमध्ये एक अर्ज चार वर्षे पडून होता. त्यावर सेक्रेटरी साहेबांचा शेरा आहे, ‘तूर्त शक्य नाही.’ त्याखाली शिक्षक प्रतिनिधी म्हणून आमची सही आहे. सही करताना आम्ही तो अर्ज पुरता वाचलेला नव्हता. आज त्याच अर्जाबद्दल लिहायचे आहे. हे मासिक वाचणाऱ्या घरांत शाळा चालवणारे आहेत, दवाखाना, दुकान, छोटा कारखाना चालवणारे आहेत, जमातीच्या ट्रस्टवर काम करणारे आहेत. आमच्या हातून झालेली चूक त्यांच्या हातून होऊ नये, एवढीच इच्छा आहे.

अर्ज होता आमच्या पेणच्या शाळेत कॉम्प्युटर शिकवणाऱ्या आपांचा. वय सव्वीस-सत्तावीस, नोकरी कंत्राटी, पगार सांगायला आम्हालाच लाज वाटेल असा. 2019 च्या पावसाळ्यातली गोष्ट. पुण्याला तीन दिवसांची एक परिषद होती. शाळेत तंत्रज्ञान कसे वापरावे, या विषयावर राज्यभरातले शिक्षक आणि जाणकार तिथे येणार होते. आपांनी खर्चाचा हिशेब नीट मांडून दिला होता. प्रवेश फी 4,500, राहणे आणि जेवण 4,800, एसटीचे भाडे आणि किरकोळ 1,200. एकूण 10,500 रुपये.

कमिटीची बैठक असर नंतर बसली. चहा आला, बिस्किटे आली, आणि एकामागून एक आक्षेपही आले. एक साहेब म्हणाले, “तीन दिवस तिचे तास कोण घेणार?” दुसरे म्हणाले, “शिकून आली की मोठी शाळा तिला उचलून नेईल. आपण खर्च करायचा आणि फायदा दुसऱ्याचा.” तिसऱ्यांनी हळूच विचारले, “एकटी मुलगी तीन रात्री कुठे राहणार?” आणि चौथा आक्षेप आमचा होता. आम्ही म्हणालो, “हल्ली सगळे यूट्यूबवर मिळते. त्यासाठी पुण्याला जायची काय गरज?” सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच बैठकीत 13,000 रुपयांचा लेसर प्रिंटर घ्यायचे ठरले. वस्तू डोळ्यांना दिसते, तिचे बिल फाइलला लागते, ऑडिटमध्ये कोणी विचारत नाही.

निर्णय सांगायचे काम आमच्याकडे आले. आपा एवढेच म्हणाल्या, “ठीक आहे, सर.” आणि वर्गावर गेल्या.

आठ महिन्यांनी, 2020 च्या मार्चमध्ये, शाळा बंद झाल्या. पुढे काय झाले ते प्रत्येक घराने पाहिले आहे. एका घरात तीन मुले आणि फोन एक, तोही अब्बांबरोबर कामावर गेलेला. पण उर्दू माध्यमाच्या शाळांची एक वेगळीच अडचण होती, ती बाहेर फारशी कोणाला कळली नाही. मराठी शाळेतले आमचे मित्र धडा टाइप करून व्हॉट्सॲपवर टाकत आणि मुलांना तो जसाच्या तसा दिसे. आमच्याकडे वर्षानुवर्षांच्या उर्दू प्रश्नपत्रिका, नोंदी, स्वाध्याय कॉम्प्युटरमध्ये होते. पण ते जुन्या डीटीपी सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेले होते. तिथला मजकूर कॉपी करून फोनवर टाकला की नुसती चित्रविचित्र चिन्हे दिसत. मग आम्ही काय केले? कागदावर हाताने लिहिले, त्याचे फोटो काढले आणि ते पाठवले. एकेक फोटो दोन-तीन एमबीचा. ज्या घरात दिवसाला थोडासाच डेटा, तिथे चार पाने उघडेपर्यंत डेटा संपे. फोटो मोठा केला की अक्षरे फाटत. एक आई आम्हाला फोनवर म्हणाली, “सर, बच्चा पढना चाहता है, पण हे वाचायचं कसं?” आमच्याकडे उत्तर नव्हते. दीड वर्ष आमची मुले फाटलेली अक्षरे वाचत राहिली. काहींनी वाचायचे सोडून दिले.

2021 च्या उन्हाळ्यात आपांनी नोकरी सोडली. नवी मुंबईच्या एका शाळेत त्यांना काम मिळाले. म्हणजे ज्या भीतीने आम्ही त्यांना पाठवले नव्हते, ती न पाठवताही खरी ठरली.

दीड-दोन वर्षांनी एका संध्याकाळी त्यांचा फोन आला. नव्या शाळेने त्यांना अशाच एका परिषदेला पाठवले होते. म्हणाल्या, “सर, आपल्या उर्दूच्या फाइलींचा प्रश्न होता ना, तो सुटला. स्टेजवर नाही, चहाच्या रांगेत सुटला. मालेगावचे एक उर्दूचे सर होते. त्यांनी दहा मिनिटांत लॅपटॉपवर करून दाखवले. मी तुम्हाला पाठवू का?”

त्या रात्री आम्हाला तो जुना अर्ज आठवला. दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन फाइल काढली. अर्ज दोन पानांचा होता. पहिल्या पानावर खर्च, आणि आमची नजर 2019 मध्ये तिथेच थांबली होती. दुसऱ्या पानावर आपांनी लिहिले होते की परिषदेत आपण तीन प्रश्नांची उत्तरे शोधणार आहोत. त्यातला दुसरा प्रश्न असा: आपल्या उर्दू प्रश्नपत्रिका मोबाइलवर उघडत नाहीत, यावर इतर उर्दू शाळा काय करतात?

आम्ही ते पान हातात घेऊन बराच वेळ बसून राहिलो.

उत्तर इतके अवघड नव्हते. नस्तालीक लिपी छापखान्याला नेहमीच जड गेली. या लिपीत अक्षरे तिरकी उतरत जातात आणि शेजारच्या अक्षराप्रमाणे आपला आकार बदलतात. म्हणून कितीतरी वर्षे उर्दू वर्तमानपत्रे कातिब हाताने लिहीत असत. 1981 मध्ये पाकिस्तानचे मिर्झा अहमद जमील यांनी हजारो शब्दखंड लिहून मोनोटाइप कंपनीच्या यंत्रासाठी नूरी नस्तालीक तयार केली, आणि तिथून उर्दू कॉम्प्युटरवर आली. पण त्या काळातल्या सॉफ्टवेअरांची अक्षरांची सांकेतिक भाषा ज्याची त्याची वेगळी होती. सगळ्या लिपींना एकच सांकेतिक क्रमांक देणारी युनिकोडची पद्धत 1991 पासून आली. मराठीने ती लवकर उचलली. उर्दूचा जुना साठा मात्र जुन्या डब्यातच बंद राहिला. तो युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने आहेत, फोनवर चालणारे नस्तालीक फॉन्ट आहेत, उर्दूचा कीबोर्डही फोनमध्येच असतो, फक्त चालू करावा लागतो. एक पान युनिकोडमध्ये गेले की ते काही केबीचे होते. फोटोच्या मानाने काहीच नाही. मुलाला अक्षर हवे तेवढे मोठे करता येते, फोनकडून ऐकताही येते.

आता कोणी म्हणेल, हे सगळे यूट्यूबवर होतेच की! होते. आम्हीही तसेच म्हणालो होतो. पण यूट्यूबला काय विचारायचे हेच आम्हाला माहीत नव्हते. युनिकोड हा शब्द आम्ही मराठीच्या सरकारी पत्रांत वाचला होता. आपल्या उर्दूच्या दुखण्यावरचे औषधही तेच आहे, हे सुचले नाही. इंटरनेट आपण विचारू त्याचे उत्तर देते. आपल्यासारखेच दुखणे भोगून बरा झालेला माणूस शेजारी येऊन बसला, तर तो न विचारलेलेही सांगतो. परिषदेचे खरे मोल भाषणांत कमी आणि या शेजारात जास्त असते.

हेच आम्ही रोह्याला वेगळ्या रीतीने पाहिले.

आमची मोठी बहीण रोह्याला दिली आहे. त्या वर्षी ईदच्या दुसऱ्या दिवशी पेणहून गाडी पकडली. कासू, नागोठणे, निडी करत गाडी रोह्याला पोहोचली. भाचा स्टेशनवर घ्यायला आला होता. तो केमिकलचा डिप्लोमा झालेला आहे आणि धाटावच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात शिफ्ट सांभाळतो. शीरखुर्मा झाल्यावर आम्ही आमच्या आपांची हकीकत सांगितली, तेव्हा तो म्हणाला, “मामू, मला तर साहेबांनी स्वतःहून पाठवलं होतं. मीच जायला तयार नव्हतो.”

त्याची हकीकत अशी. त्याच्या विभागात टोल्युइन नावाचा द्रव वापरतात. पिंपातून तो पंपाने टाकीत घ्यायचा असतो. टोल्युइनची वाफ साध्या हवामानातही पेट घेऊ शकते. आणि असा द्रव नळीतून वेगाने वाहू लागला की स्थिर वीज साठते. थंडीत स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, तीच वीज. पिंपाला साठलेली ती वीज जमिनीत उतरवण्यासाठी तारेचा चिमटा लावतात. चिमटा लावला नाही, किंवा पिंपाच्या रंगावरच लावला आणि धातूला टेकलाच नाही, तर एखादी ठिणगी पुरते. कारखान्यात पाटी होती, नियम होता, वहीत सहीसुद्धा व्हायची. तरी एका रात्रपाळीला चिमटा लावायचा राहिला. माणसाने पंप चालू केला. नशीब म्हणा, अल्लाहची मेहेर म्हणा, ठिणगी पडली नाही. सकाळी पाहणीत चिमटा खाली लोंबताना दिसला, तेव्हा सगळ्यांच्या अंगावर काटा आला.

त्यानंतर काही महिन्यांनी मुंबईला कारखान्यांतल्या सुरक्षिततेवर तंत्रज्ञांची एक परिषद होती. अशा ठिकाणी दरवेळी मॅनेजर जातात. या वेळी मालक म्हणाले, चिमटा लावणाऱ्या माणसांबरोबर जो रात्री उभा असतो, त्यानेच जावे. भाचा बिचकला. इंग्रजीत बोलतील, आपल्याला काय कळणार! पण गेला. दोन दिवस भाषणे ऐकली. निम्मी डोक्यावरून गेली, हे त्याने हसत कबूल केले. दुसऱ्या दिवशी दुपारी प्रदर्शनाच्या भागात गुजरातहून आलेला एक फिटर भेटला. त्याने आपल्याकडची व्यवस्था फोनवर दाखवली. चिमटा थेट पंपाच्या स्विचशी जोडलेला. चिमटा धातूला नीट टेकला, जमिनीपर्यंत जोडणी पूर्ण झाली, तरच हिरवा दिवा लागतो आणि पंप चालू होतो. नाहीतर बटण दाबा किती दाबायचे ते, पंप ढिम्म. म्हणजे माणसाच्या आठवणीवर काही सोडलेलेच नाही.

परत आल्यावर मालकांनी त्याला दोन तास दिले. तिन्ही पाळ्यांची माणसे समोर बसवली आणि म्हणाले, बोल. भाचा आयुष्यात पहिल्यांदा इतक्या लोकांसमोर बोलला, तेही मराठीत, फळ्यावर चित्र काढून. दोन महिन्यांत ती व्यवस्था दोन पंपांना बसली. आम्ही विचारले, “तू उद्या दुसऱ्या कंपनीत गेलास तर मालकाचं नुकसान नाही का?” तो म्हणाला, “मीही हेच विचारलं होतं, मामू. ते म्हणाले, तू जाशील, पण तू सांगितलेलं इथेच राहील.”

आमची बहीण आतून ऐकत होती. ती बाहेर येऊन म्हणाली, “रात्रपाळी असली की आता मला जरा झोप लागते.” परिषदेच्या खर्चाचा असा हिशेब कोणत्याही वहीत लिहिला जात नाही.

गाडीत परतताना आम्ही विचार करत होतो. आमच्या कमिटीत आणि त्या मालकांत फरक काय? पैसा हे कारण पुरेसे नाही. आमच्याकडेही 13,000 चा प्रिंटर घ्यायला पैसे होते. फरक असा, की आम्हाला परिषद हे बक्षीस वाटले, एका कंत्राटी बाईला फुकटची सहल. त्या मालकांना ते काम वाटले. आणि त्यांनी तीन गोष्टी केल्या. ज्याच्या हातात प्रश्न होता त्याला पाठवले. प्रश्न घेऊन पाठवले. आणि तो परत आल्यावर ऐकायला सगळ्यांना बसवले.

ही रीत आपल्याला परकी नाही. सूरह तौबाच्या 122 व्या आयतीत सांगितले आहे की सगळ्यांनीच निघून जाऊ नये. प्रत्येक समूहातून काही जणांनी दीनची समज घेण्यासाठी जावे आणि परत आल्यावर आपल्या लोकांना सावध करावे. आयतीचा विषय दीनचा आहे, कारखान्याचा किंवा कॉम्प्युटरचा नाही, हे आम्ही जाणतो आणि दोन्ही एक करत नाही. पण शिकण्याची जी पद्धत तिथे दिसते तिच्याकडे पाहा. काही जण जातात, बाकीचे मागचे सांभाळतात, आणि जाणारा परत येऊन सांगतो. सहीह बुखारीत हजरत मालिक बिन हुवैरिस (रजि.) यांची हकीकत आहे. ते आणि त्यांच्या कबिल्याचे काही तरुण नबी करीम (सल्ल.) यांच्या सहवासात वीस दिवस राहिले. घरची ओढ लागलेली दिसली तेव्हा आप (सल्ल.) यांनी त्यांना मायेने परत पाठवले आणि आपल्या माणसांना जाऊन शिकवायला सांगितले. जाणे, राहणे, परत येणे, शिकवणे. या चारांतले शेवटचे राहिले तर आधीचे तीन वाया जातात.

आणि यूट्यूबचे उत्तरही आपल्याच इतिहासात आहे. हजरत जाबिर बिन अब्दुल्लाह (रजि.) यांना कळले की एक हदीस हजरत अब्दुल्लाह बिन उनैस (रजि.) यांनी स्वतः नबी (सल्ल.) यांच्याकडून ऐकली आहे. एका हदीससाठी त्यांनी महिनाभराचा प्रवास केला आणि त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. हदीस त्यांच्या कानावर आलीच होती. तरी ज्याने स्वतः ऐकली त्याच्या तोंडून ऐकावी, म्हणून ते गेले.

पुढच्या काळातही हेच दिसते. सर सय्यद अहमद खान यांनी 1886 मध्ये अलीगढला जी शिक्षण परिषद सुरू केली, तिची अधिवेशने गावोगावी फिरत राहिली. 1903 चे अधिवेशन मुंबईला झाले आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी त्याचे अध्यक्ष होते. एका गावात कोणी शाळा कशी उभी केली, हे दुसऱ्या गावाला तेव्हा अशाच जमण्यातून कळत असे.

रोह्याचे नाव निघाले की चिंतामणराव देशमुखांची आठवण होतेच. घराणे रोह्याचे, जन्म रायगडाजवळच्या नाते गावचा. रिझर्व्ह बँकेचे ते पहिले भारतीय गव्हर्नर. 1944 च्या जुलैमध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे 44 देशांची परिषद भरली, तेव्हा भारताच्या शिष्टमंडळात ते होते. जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी त्या परिषदेतून उभे राहिले. भारत तेव्हा स्वतंत्रही नव्हता. तरी आपली माणसे तिथे आपला प्रश्न घेऊन गेली. युद्धकाळात ब्रिटनकडे भारताची प्रचंड रक्कम अडकली होती, तिचे काय, हा तो प्रश्न. तिथे तो सुटला नाही, पण जगासमोर नोंदवला गेला. कुठल्याही परिषदेला जाताना स्वतःचा प्रश्न खिशात असावा, हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

शिक्षकांचे उदाहरण हवे असेल तर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे रणजितसिंह डिसले गुरुजी आहेत. पुस्तकातल्या धड्याला क्यूआर कोड जोडण्याची त्यांची कल्पना एका छोट्या शाळेतली. तिथेच राहिली असती तर आपल्याला कळलीही नसती. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. 2020 मध्ये त्यांना दहा लाख डॉलरचे जागतिक शिक्षक पारितोषिक मिळाले आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. अशा शिक्षकालाही 2022 मध्ये फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठी अमेरिकेला जायचे होते, तेव्हा रजेचा प्रश्न वर्तमानपत्रांतून गाजला आणि शिक्षणमंत्र्यांनी लक्ष घातल्यावर सुटला. म्हणजे ‘तास कोण घेणार’ ही अडचण फक्त आमच्या कमिटीची नाही. ती खोटीही नाही. पण तिच्यावर तोड काढता येते. तीन दिवसांचे तास आम्ही चौघांनी मिळून सहज घेतले असते.

आपांचा फोन आल्यानंतर आम्ही अर्जाचे दुसरे पान कमिटीपुढे ठेवले आणि मोठ्याने वाचले. बैठक थोडा वेळ गप्प होती. मग सदर साहेब म्हणाले, “यंदा एकाला पाठवा.” 2023 मध्ये आम्ही एका ज्येष्ठ सहकाऱ्याला पाठवले. ते कापडी पिशवी, पेन, कॅलेंडर आणि चाळीस फोटो घेऊन परत आले. “कसे झाले?” विचारले तर म्हणाले, “व्यवस्था फार छान होती, जेवणही उत्तम.” झाले, संपले! कमिटीतले एक साहेब आमच्याकडे पाहून हसले. पण चूक त्या सहकाऱ्यांची नव्हती. त्यांना ज्येष्ठ म्हणून पाठवले होते, प्रश्न न देता पाठवले होते, आणि परत आल्यावर ऐकायला कोणी बसलेच नव्हते. धाटावच्या मालकांनी केलेल्या तीन गोष्टींपैकी आम्ही एकही केली नव्हती.

मग आम्ही काही साधे नियम केले, ते इथे देतो. ज्याला जायचे आहे त्याने आधी तीन प्रश्न लिहून द्यावेत, आणि ते स्टाफरूममध्ये सगळ्यांनी वाचावेत. ते दिवस कामावरचे धरावेत, रजा कापू नये. परत आल्यावर आठ दिवसांत एक तास सगळ्यांना सांगावे आणि एक पान लिहून फाइलला लावावे. महिन्याभरात कोणतीही एकच गोष्ट शाळेत करून दाखवावी. पुढच्या वर्षी दुसऱ्याची पाळी. आणि परिषद निवडताना नुसते नाव पाहू नये. जिथे फक्त कंपन्या आपला माल विकतात, तिथे जाऊन उपयोग नाही. आपल्यासारखे काम करणारी माणसे जिथे बोलणार असतील तिथे जावे, मग ती परिषद अलिबागला का असेना.

मुलींच्या राहण्याचा प्रश्न आम्ही टाळणार नाही. घरच्यांना काळजी वाटते, ती रास्त आहे. पण काळजीवर उपाय करायचा की काळजीलाच उत्तर समजायचे, हे आपण ठरवायचे. 2024 मध्ये आमच्या विज्ञानाच्या आपांना पाठवले, तेव्हा त्यांच्या अम्मी बरोबर गेल्या. अम्मींचे एसटीचे भाडे आणि जेवण ट्रस्टने दिले. जादा खर्च दोन हजारांच्या आत. तिथे एका बहिणीच्या संस्थेच्या वसतिगृहात दोघी राहिल्या. परत आल्यावर आपांनी प्रयोगशाळा नसताना फोनच्या कॅमेऱ्याला छोटे भिंग लावून कांद्याच्या पातीची पेशी वर्गाला दाखवली. मागच्या बाकावरची पोरेसुद्धा उठून पुढे आली. अम्मी आता भेटेल त्याला सांगतात, “आम्ही पुण्याला कॉन्फरन्सला गेलो होतो.”

तर वाचकांना विनंती अशी. तुमच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करणारा मुलगा असेल, दवाखान्यात नर्स असेल, कारखान्यात फिटर असेल, मदरशात हिशेब ठेवणारा असेल. वर्षातून एकदा त्याला त्याच्या धंद्यातल्या माणसांमध्ये पाठवा. दोन दिवसांचा पगार कापू नका. जाताना विचारा, “काय शोधायला चाललास?” आल्यावर विचारा, “काय आणलंस?” आणि मग गप्प बसून ऐका. आणि घरात कमावती मुलगी किंवा सून अशा ठिकाणी जायचे म्हणत असेल, तर नाही म्हणण्याआधी तिच्या अर्जाचे दुसरे पान वाचा.

आमच्या कॉम्प्युटरच्या आपांना आम्ही शाळेत बोलावले. एका शनिवारी त्या नवी मुंबईहून आल्या. दोन तास बसून त्यांनी आम्हा सगळ्यांच्या फोनमध्ये उर्दूचा कीबोर्ड चालू करून दिला, जुन्या फाइली बदलायला शिकवल्या. मानधन घेतले नाही. निघताना आम्ही म्हणालो, “आपा, त्या अर्जाबद्दल माफ करा. आम्ही दुसरे पान वाचलेच नव्हते.” त्या थोड्या थांबल्या. मग कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेल्या प्रिंटरकडे पाहून म्हणाल्या, “सर, हा चालतो का अजून?”

तो दोन वर्षांपासून बंद आहे.

अल्लाह आपल्याला आपल्या हाताखालच्या माणसांचा हक्क ओळखण्याची तौफीक देवो. आमीन.